न्यायालयाआधीचे दप्तर : कंबोडिया प्रलेखन केंद्राची तीन दशके

कंबोडियातील ख्मेर रूज राजवटीच्या (१९७५ ते १९७९) गुन्ह्यांसंबंधीची कागदपत्रे, छायाचित्रे, साक्षी आणि दफनस्थळांच्या नोंदी गोळा करून त्यांचे जतन करणारी ‘डॉक्युमेंटेशन सेंटर ऑफ कंबोडिया’ ही संस्था जानेवारी १९९५ मध्ये नॉम पेन्ह येथे सुरू झाली. जगभर ती ‘डीसी-कॅम’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. या लेखात तिचा उल्लेख ‘केंद्र’ असाच केला आहे. केंद्राची स्थापना झाली तेव्हा या गुन्ह्यांचा खटला चालवणारे न्यायालय अस्तित्वात नव्हते; ज्यांच्यावर खटला चालायला हवा होता ते प्रमुख नेते हयात होते आणि त्यांपैकी काही जण तर आपल्या सशस्त्र अनुयायांसह थायलंडच्या सीमेलगतच्या जंगलात ठाण मांडून बसले होते. न्यायाधीश नेमले जाण्याच्या अकरा वर्षे आधी पुराव्यांची जुळवाजुळव सुरू करण्याचा हा निर्णय केंद्राच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा निर्णय मानावा लागतो, कारण पुढे जे न्यायालय उभे राहिले ते बऱ्याच अंशी या दप्तराच्या आधारावर उभे राहिले.

केंद्राच्या कामाची व्याप्ती समजण्यासाठी त्या राजवटीचे स्वरूप थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेच्या फौजा राजधानी नॉम पेन्हमध्ये शिरल्या आणि युद्धामुळे खेड्यांतून आलेल्या निर्वासितांसह सुमारे वीस लाख वस्तीचे ते शहर त्यांनी काही दिवसांतच रिकामे केले. रुग्णालयातील रुग्णही त्यातून सुटले नाहीत. शहरातून हाकलल्या गेलेल्या लोकांना ‘नवे लोक’ किंवा ‘१७ एप्रिलचे लोक’ म्हटले जाई, तर आधीपासून ख्मेर रूजच्या ताब्यात असलेल्या खेड्यांतील रहिवासी ‘मूळ लोक’ ठरत, आणि शिधा, काम व संशय या तिन्ही बाबतींत या दोन वर्गांना मिळणारी वागणूक निरनिराळी असे. सत्ता ‘अंगकार’ म्हणजे ‘संघटना’ या निनावी नावाने चालत असे, त्यामुळे आपल्यावर राज्य कोण करते हेच कित्येकांना बराच काळ माहीत नव्हते. विस्थापन एकदाच झाले असेही नाही. १९७५ च्या उत्तरार्धापासून लाखो लोकांना पुन्हा उचलून वायव्येकडील भातशेतीच्या प्रदेशात नेण्यात आले, आणि १९७८ मध्ये पूर्व विभागातील जनतेवर फितुरीचा शिक्का मारून तिला देशाच्या दुसऱ्या टोकाला हलवताना ओळखीसाठी निळे क्रमा, म्हणजे गळ्यात व डोक्याला गुंडाळण्याचे पंचे, वाटण्यात आले. ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी फौजांनी नॉम पेन्ह घेतले तोवर उपासमार, रोगराई, अतिश्रम आणि कत्तली यांत सतरा लाख ते वीस लाखांच्या आसपास माणसे मेली होती. म्हणजे देशाच्या लोकसंख्येतील सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा नाहीसा झाला होता.

राजवट कोसळल्यानंतर न्यायाचा प्रश्न शीतयुद्धाच्या हिशेबात अडकला. ऑगस्ट १९७९ मध्ये नॉम पेन्ह येथे भरलेल्या एका जन-न्यायाधिकरणाने ख्मेर रूजचा सर्वोच्च नेता पोल पॉट आणि राजवटीचा परराष्ट्रमंत्री इएंग सारी यांना त्यांच्या अनुपस्थितीत दोषी ठरवले, परंतु व्हिएतनामच्या पाठिंब्यावर चाललेल्या त्या सुनावणीला पाश्चात्त्य देशांनी किंमत दिली नाही. उलट संयुक्त राष्ट्रांतील कंबोडियाची जागा पुढे दशकभर ख्मेर रूजकडे आणि नंतर त्यांच्या सहभागाच्या आघाडीकडे राहिली. या काळात नॉम पेन्हमधील सरकारला मान्यता देणाऱ्या मोजक्या बिगर-कम्युनिस्ट देशांत भारत होता. इंदिरा गांधी यांच्या सरकारने १९८० मध्ये ही मान्यता दिली आणि १९८६ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे तज्ज्ञ अंगकोर वाटच्या जीर्णोद्धाराच्या कामी तेथे जाऊ लागले. देशातल्या देशात मात्र वाचलेल्या लोकांनी आपले म्हणणे मांडण्याचा एक मोठा प्रयत्न केला होता. १९८२-८३ च्या सुमारास गावोगावच्या सभांमधून अकरा लाखांहून अधिक लोकांच्या सह्या व अंगठे असलेली निवेदने तयार झाली, त्यांत मेलेल्या नातलगांची नावे, मृत्यूचे प्रकार आणि संयुक्त राष्ट्रांना उद्देशून केलेली मागणी लिहिलेली होती. ती निवेदने कोणी वाचली नाहीत. अनेक वर्षांनी ती केंद्राच्या संग्रहात दाखल झाली तेव्हाच त्यांच्याकडे पुरावा म्हणून पाहिले जाऊ लागले.

ऑक्टोबर १९९१ च्या पॅरिस करारानंतर संयुक्त राष्ट्रांच्या हंगामी प्रशासनाच्या देखरेखीखाली थायलंडच्या सीमेवरील छावण्यांतून साडेतीन लाखांहून अधिक निर्वासित परतले आणि मे १९९३ मध्ये निवडणुका झाल्या. करारात ‘वंशसंहार’ हा शब्द जाणूनबुजून टाळला होता, कारण ख्मेर रूज स्वतःच करारातील एक पक्ष होते. या मौनाला छेद देणारे पहिले पाऊल कंबोडियाबाहेर पडले. ३० एप्रिल १९९४ रोजी अमेरिकेत ‘कंबोडियन वंशसंहार न्याय कायदा’ संमत झाला आणि त्याअन्वये पुरावे गोळा करण्यासाठी येल विद्यापीठाला सुमारे पाच लाख डॉलरचे अनुदान मिळाले. इतिहासकार बेन किअर्नन यांच्या नेतृत्वाखाली तेथे कंबोडियन वंशसंहार अभ्यास प्रकल्प सुरू झाला व त्याचे प्रत्यक्ष जागेवरील कार्यालय म्हणून केंद्राचा जन्म झाला. ज्या अमेरिकेने १९७३ पर्यंत कंबोडियाच्या खेड्यांवर बाँबवर्षाव केला आणि १९७९ नंतर ख्मेर रूजच्या आघाडीला राजनैतिक आधार दिला, तिच्याच पैशावर हे काम सुरू व्हावे यातली विसंगती कंबोडियन लोकांच्याही नजरेतून सुटली नाही. पण देशातून असा निधी मिळण्याची शक्यता तेव्हा नव्हती. जानेवारी १९९७ मध्ये केंद्र येलपासून वेगळे होऊन स्वतंत्र कंबोडियन संस्था बनले, आणि कागदपत्रे देशातच, देशातल्या माणसांच्या ताब्यात राहतील हे त्यामुळे निश्चित झाले.

आरंभापासून केंद्राची धुरा यूक छांग यांच्याकडे आहे. १९७५ मध्ये नॉम पेन्ह रिकामे झाले तेव्हा ते वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास होते. गरोदर बहिणीसाठी शेतातून खाण्याजोगे काही खुडून आणल्याच्या अपराधाबद्दल त्यांना सर्वांसमोर मारहाण करून तुरुंगात टाकण्यात आले होते, आणि त्यांच्या कुटुंबातील अनेक जण त्या काळात मृत्युमुखी पडले. निर्वासित म्हणून ते अमेरिकेत टेक्सास राज्यात स्थायिक झाले व १९९० च्या दशकाच्या प्रारंभी मायदेशी परतले. सुरुवातीला आपल्या मनात सूडाचीच भावना होती हे त्यांनी अनेक मुलाखतींत मोकळेपणाने सांगितले आहे. संस्थेच्या कामाला मात्र त्यांनी वेगळी शिस्त लावली : पीडितांच्या कहाण्यांबरोबरच मारेकऱ्यांच्या, पहारेकऱ्यांच्या आणि कनिष्ठ कार्यकर्त्यांच्या कहाण्याही त्याच काळजीने नोंदवायच्या आणि कागद ज्या अवस्थेत मिळाला त्याच अवस्थेत, कोठून व कोणाकडून मिळाला याच्या नोंदीसह ठेवायचा. प्रलेखन म्हणजे केवळ कागद साठवणे नव्हे. प्रत्येक कागदाचा प्रवास सिद्ध करता येईल अशा रीतीने तो साठवणे, हा अर्थ केंद्राने पहिल्यापासून धरला.

पहिल्या काही वर्षांत दोन कामे समांतर चालली. एक होते दफनस्थळांचे नकाशांकन. केंद्राची पथके प्रांताप्रांतांतून हिंडत, गावकऱ्यांना विचारून खड्डे, तुरुंग आणि स्मारके शोधत, उपग्रहाधारित स्थाननिश्चिती यंत्राने त्यांचे अक्षांश-रेखांश नोंदवत आणि साक्षीदारांचे जबाब घेत. एकोणीस हजारांहून अधिक दफनखड्डे, १९६ तुरुंग आणि ८१ स्मारके यांची नोंद या कामातून झाली. येथे एक खुलासा आवश्यक आहे : ही खड्ड्यांची संख्या आहे, मृतदेहांची नव्हे, आणि प्रत्येक खड्ड्याचे शास्त्रीय उत्खनन झालेले नाही. पण या नकाशाने एक गोष्ट निर्विवादपणे दाखवली. सामूहिक दफनाच्या बहुतेक सर्व जागा तत्कालीन तुरुंगांच्या आवारात किंवा अगदी लगत आहेत. गावोगावच्या संतप्त शेतकऱ्यांनी मनमानीने केलेल्या या हत्या होत्या, वरच्या नेतृत्वाला त्यांची कल्पना नव्हती, असा बचाव ख्मेर रूजचे नेते करत आले होते. देशाच्या प्रत्येक भागात तुरुंग आणि खड्डा यांची जोडी आढळल्यावर तो बचाव टिकणे कठीण झाले.

दुसरे काम होते कागद मिळवण्याचे. ख्मेर रूज राजवट गुप्त होती, पण निरक्षर नव्हती. उलट तिला लिहून ठेवण्याचा सोसच होता. १९९६ मध्ये ‘सांतेबाल’ या सुरक्षा-पोलीस विभागाच्या दप्तरातील सुमारे एक लाख पाने नॉम पेन्हमध्ये हाती लागली आणि केंद्राच्या कामाची दिशा पालटली. सांतेबालचा मुख्य तुरुंग म्हणजे तुओल स्लेंग येथील एका माध्यमिक शाळेत थाटलेला ‘एस-२१’. तेथे आणलेल्या प्रत्येकाचे छायाचित्र घेतले जाई, त्याच्याकडून छळ करून ‘कबुलीजबाब’ लिहून घेतला जाई, पानोपानी अंगठा उमटवून घेतला जाई, आणि मग तुरुंगप्रमुख दुच त्यावर समासात शेरे मारून तो जबाब संरक्षण व सुरक्षा खात्याचे प्रमुख सोन सेन यांच्याकडे पाठवी. यादीतील नावांपुढे ‘कमटेक’, म्हणजे चिरडून नष्ट करणे, या अर्थाची नोंद असे. एका कबुलीजबाबात साधारणपणे तीन-चार हस्ताक्षरे दिसतात : कैद्याचे, चौकशी करणाऱ्याचे, दुचचे आणि कधी वरिष्ठाचे. कबुलीतील मजकूर बहुतांशी असत्य आहे, कारण वेदनेपोटी माणूस कोणाचेही नाव घेतो. कागदाचे पुरावामूल्य समासातल्या त्या हस्ताक्षरांत आहे, कारण आदेश कोठून निघाला आणि कोणापर्यंत पोहोचला हे तीच सांगतात.

केंद्राच्या संग्रहातील, विद्वानांनी तुलनेने कमी चर्चिलेला पण पीडितांच्या दृष्टीने कदाचित सर्वांत उपयुक्त भाग म्हणजे कार्यकर्त्यांची ‘जीवनवृत्ते’. ख्मेर रूजमध्ये दाखल होणाऱ्या प्रत्येकाला एका ठराविक नमुन्यात स्वतःची माहिती भरून द्यावी लागे : मूळ गाव, आईवडिलांची नावे, त्यांची जमीन व वर्ग, भावंडे, संघटनेत कोणी आणले, कोणत्या तुकडीत काम केले. संशय आला की हाच नमुना माणसाविरुद्ध वापरला जाई. पाव शतकानंतर केंद्राच्या संशोधकांनी तोच नमुना उलट्या दिशेने वापरला. त्यातील गावाचे नाव घेऊन ते त्या गावी गेले, आईवडिलांची किंवा भावंडांची विचारपूस केली, आणि अनेक घरांत त्यांना असे लोक भेटले की ज्यांचा मुलगा वा मुलगी १९७० च्या दशकात क्रांतीसाठी म्हणून घरातून गेली आणि परत आली नाही, पण ती मेली असेही कोणी कळवले नव्हते. कित्येकदा त्या मुलाचा कबुलीजबाब वा तुरुंगातील छायाचित्र केंद्राच्या संग्रहात असे. म्हणजे ख्मेर रूजचा सैनिक म्हणून ज्याचा शोध सुरू झाला तो ख्मेर रूजचाच बळी निघाला, आणि त्याच्या आईला ही बातमी छायांकित प्रतीवरून कळली.

अशी प्रत हाती मिळण्याला कंबोडियन कुटुंबात जे महत्त्व आहे ते मराठी वाचकाला फारसे समजावून सांगावे लागू नये. तेथे भाद्रपदाच्या वद्य पक्षात, म्हणजे आपल्याकडे पितृपक्ष असतो त्याच दिवसांत, ‘पचुम बेन’ हा पितरांचा पंधरवडा पाळला जातो. विहारांत भाताचे पिंड अर्पण केले जातात आणि मृतांची नावे भिक्षूंना दिली जातात. ज्याचा मृत्यू निश्चित नाही त्याचे नाव यादीत घालायचे की नाही, हा प्रश्न हजारो घरांत वीस-पंचवीस वर्षे तसाच राहिला होता. मानवी हक्कांच्या संशोधनाचे मूल्यमापन करताना खटले, अहवाल आणि ग्रंथ मोजले जातात. एखाद्या कुटुंबाला मृत्यूची तिथी मिळाली ही गोष्ट अशा हिशेबात कोठेच धरली जात नाही, आणि ती धरायला हवी.

जानेवारी २००० पासून केंद्राने ‘सत्याचा शोध’ या अर्थाच्या नावाचे ख्मेर भाषेतील मासिक काढण्यास सुरुवात केली आणि ते ग्रामपातळीवरील कार्यालयांपर्यंत विनामूल्य पोहोचवले. दप्तरातील निवडक कागद, पीडितांच्या व कार्यकर्त्यांच्या मुलाखती आणि कायदेविषयक लेख यांबरोबरच हरवलेल्या नातलगांचा शोध घेणाऱ्या वाचकांची पत्रे त्यात छापली जात. एस-२१ मधून वाचलेल्या मोजक्या कैद्यांपैकी चित्रकार बू मेंग हयात नाहीत असाच समज बराच काळ होता. ते पुढे प्रकट झाले, केंद्राने त्यांची साक्ष नोंदवली आणि २०१० मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. केंद्राच्या ग्रंथमालेतील एक गोष्ट विशेष नोंदवण्यासारखी आहे : लेखकांपैकी बरेच जण तरुण कंबोडियन संशोधक आहेत. चाम या मुस्लिम अल्पसंख्य समाजावरील अत्याचारांचा अभ्यास त्याच समाजातील य्सा ओस्मान यांनी केला व त्यांचे पहिले पुस्तक २००२ मध्ये आले. चाम स्त्रियांच्या आठवणींचा अभ्यास पुढे फरीना सो यांनी मांडला. कंबोडियाविषयीचे संशोधन परदेशी विद्यापीठांतच व्हायचे, ही परिस्थिती एका पिढीत बदलण्याचे बरेचसे श्रेय केंद्राकडे जाते.

न्यायालयाची हालचाल सुरू झाली ती जून १९९७ मध्ये, कंबोडियाच्या तेव्हाच्या आघाडी सरकारातील दोन्ही पंतप्रधानांनी संयुक्त राष्ट्रांकडे मदत मागितली तेव्हा. वाटाघाटी लांबत गेल्या. एप्रिल १९९८ मध्ये पोल पॉट जंगलातच मरण पावला. जून २००३ मध्ये करार झाला आणि २००६ मध्ये ‘कंबोडियाच्या न्यायालयांतील असाधारण विभाग’ हे लांबलचक नाव असलेले न्यायालय स्थापन झाले; त्यात कंबोडियन आणि आंतरराष्ट्रीय न्यायाधीश एकत्र बसत, म्हणून त्याला संमिश्र न्यायालय म्हणतात. केंद्राने त्याला लाखो पानांच्या प्रती पुरवल्या. तपास अधिकाऱ्यांना पहिल्या दिवसापासून अनुक्रमित, स्थळनोंदींसह सिद्ध असे दप्तर मिळणे ही आंतरराष्ट्रीय न्यायाच्या इतिहासात दुर्मीळ गोष्ट होती.

या न्यायालयाचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे पीडितांना दिलेले ‘नागरी पक्षकारा’चे स्थान. बहुतेक आंतरराष्ट्रीय न्यायालयांत पीडित हा केवळ साक्षीदार असतो. फिर्यादी विचारील तेवढ्यालाच तो उत्तर देतो. नागरी पक्षकाराला मात्र वकील नेमता येतो, आरोपीला प्रश्न विचारता येतो आणि भरपाई मागता येते. हे अर्ज भरणे खेड्यातील वृद्ध माणसाला सोपे नव्हते, म्हणून केंद्राच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन ते भरून घेतले आणि गावकऱ्यांचे गट बसगाड्यांनी राजधानीत आणून त्यांना सुनावणी दाखवली. दुचच्या खटल्यात ९० नागरी पक्षकार होते. नेत्यांवरील दुसऱ्या खटल्यात त्यांची संख्या ३८०० च्या वर गेली. २००९ मध्ये बू मेंग यांनी भर न्यायालयात दुचला विचारले, की आपल्या पत्नीला नेमके कोठे मारले, म्हणजे तेथील माती नेऊन तिच्यासाठी प्रार्थना करता येईल. दुचला निश्चित उत्तर देता आले नाही. राजधानीबाहेरील चोएंग एक या वधस्थळी मारले असावे, असा तर्कच तो सांगू शकला. पत्नीचे एस-२१ मधील छायाचित्र मात्र दप्तरात शिल्लक होते. याच खटल्याच्या निकालात काही नागरी पक्षकारांचे अर्ज, मृत नातलग एस-२१ मध्ये होता किंवा त्याच्याशी आपले नाते होते हे सिद्ध न झाल्यामुळे, सुनावणी संपल्यावर फेटाळले गेले; अपिलात त्यांपैकी काहींना मान्यता मिळाली. वर्षभर न्यायालयात बसल्यावर आपण पीडितच नाही असे ऐकावे लागणे हा त्या लोकांवर झालेला दुसरा आघात होता, आणि कागद जतन करणे किती निकडीचे असते याचा तो कठोर दाखलाही होता.

२०१२ च्या प्रारंभी खुद्द केंद्राचीच एका अर्थाने उलटतपासणी झाली. यूक छांग आणि त्यांचे सहकारी यांना नेत्यांवरील खटल्यात साक्षीसाठी बोलावण्यात आले, आणि बचाव पक्षाच्या वकिलांनी कागदांचा अस्सलपणा, मूळ प्रतींऐवजी छायाप्रतींचा वापर आणि संस्थेची निःपक्षता यांवर प्रश्नांची सरबत्ती केली. हे आक्षेप सर्वस्वी पोकळ नव्हते. वंशसंहार झाला असे गृहीत धरून स्थापन झालेली, परदेशी निधीवर चालणारी आणि पीडिताच्याच नेतृत्वाखालील संस्था तटस्थ कशी, हा प्रश्न कोणत्याही वकिलाने विचारला असता. त्याचे उत्तर तत्त्वचर्चेने देता येण्यासारखे नव्हते. ते प्रत्येक कागदाच्या नोंदीतून, तो केव्हा, कोठून, कोणाकडून आला या रुक्ष तपशिलातून द्यावे लागले. न्यायालयाने केंद्राकडून आलेल्या कागदपत्रांचा मोठा भाग पुराव्यात ग्राह्य धरला.

निकाल टप्प्याटप्प्याने आले. दुचला जुलै २०१० मध्ये पस्तीस वर्षांची आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये अपिलात जन्मठेपेची शिक्षा झाली. राजवटीतला दुसऱ्या क्रमांकाचा नेता नुऑन चिया आणि तेव्हाचा राष्ट्रप्रमुख खियू साम्फान यांना ऑगस्ट २०१४ मध्ये जन्मठेप झाली, आणि ती मुख्यत्वे ज्या गुन्ह्यांसाठी झाली त्यांत नॉम पेन्ह रिकामे करणे व नंतरचे दुसरे सक्तीचे स्थलांतर यांचा समावेश होता. सक्तीने माणसे हलवणे हा युद्धकाळातला गैरसोयीचा प्रकार नसून मानवतेविरुद्धचा गुन्हा आहे, असे एका संपूर्ण राष्ट्राच्या विस्थापनासंबंधी न्यायनिर्णयात लिहिले गेले. नोव्हेंबर २०१८ च्या निकालात व्हिएतनामी व चाम समाजांच्या वंशसंहाराबरोबरच सक्तीच्या विवाहांनाही गुन्हा ठरवण्यात आले; संघटनेने जोड्या ठरवून सामूहिक विवाह लावायचे आणि नकाराला शिक्षा द्यायची, या प्रकाराबद्दल स्त्रिया तीस वर्षे बोलल्या नव्हत्या. नुऑन चिया अपील प्रलंबित असतानाच २०१९ मध्ये मरण पावला आणि २२ सप्टेंबर २०२२ रोजी खियू साम्फान याचे अपील फेटाळल्यावर न्यायालयाचे न्यायदानाचे काम संपले. सोळा वर्षांत, तीस कोटी डॉलरहून अधिक खर्चून, तीन जणांना शिक्षा झाली. आणखी काही संशयितांवरील प्रकरणे पुढे गेली नाहीत आणि सरकारने त्यांना केलेला विरोध कोणापासून लपून राहिला नाही. पीडितांना मिळालेली भरपाई सामूहिक आणि प्रतीकात्मक होती. रोख रक्कम कोणालाही मिळाली नाही. या हिशेबावर टीका झाली ती रास्तच आहे. मात्र न्यायालयाकडे तीन आरोपींपुरता उरलेला इतिहास केंद्राच्या संग्रहात हजारो गावांपुरता विस्तारलेला आहे, ही गोष्ट टीकाकारही मान्य करतात.

शिक्षणाच्या क्षेत्रातील केंद्राचे काम न्यायालयीन कामाइतकेच टिकाऊ ठरण्याची शक्यता आहे. नव्या शतकाच्या आरंभी कंबोडियाच्या शालेय पुस्तकांत ख्मेर रूज राजवटीविषयी जेमतेम काही ओळी होत्या. बारावीचे आधुनिक इतिहासाचे पुस्तक तर २००२ मध्ये राजकीय वादामुळे मागे घेण्यात आले. ज्यांचे आईवडील त्या राजवटीतून वाचले होते ती मुले त्या कहाण्या अतिरंजित समजू लागली होती. २००७ मध्ये केंद्राने खांबोली दी या तरुण संशोधकाने लिहिलेले, १९७५ ते १९७९ या कालखंडाचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यानंतर शिक्षण मंत्रालयाच्या सहकार्याने देशभरातील इतिहास शिक्षकांची प्रशिक्षणे घेतली. वर्गात शिकवणारा शिक्षक पीडित कुटुंबातला आणि समोरचा विद्यार्थी जुन्या कार्यकर्त्याचा नातू, अशी परिस्थिती अनेक गावांत असल्याने कोणावरही बोट न दाखवता शिकवायचे कसे, हा त्या प्रशिक्षणाचा कळीचा भाग होता. ख्मेर रूजचा शेवटचा बालेकिल्ला असलेल्या आन्लोंग वेंग येथे केंद्राने एक शांतता केंद्रही चालवले आहे.

२०१८ मध्ये यूक छांग यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यांवर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवणारे मुंबईचे डॉ. भरत वाटवानी हे त्याच वर्षीच्या मानकऱ्यांत होते. कर्जतच्या त्यांच्या केंद्रात आणि नॉम पेन्हच्या दप्तरात, हरवलेल्या माणसाची त्याच्या घराशी गाठ घालून देणे हे काम समान आहे. केंद्राच्या कायम वास्तूचा आराखडा वास्तुविशारद झाहा हदीद यांनी केला व तो २०१४ मध्ये जाहीर झाला. ‘स्लेक रिथ’, म्हणजे लेखनासाठी वापरली जाणारी वाळवलेली ताडपत्रे, हे नाव या वास्तूत उभ्या राहणाऱ्या संस्थेला देण्यात आले. निधीअभावी हा प्रकल्प रेंगाळला. दरम्यान जुलै २०२५ मध्ये तुओल स्लेंग, चोएंग एक आणि दुच एस-२१ च्या आधी चालवत असलेल्या एम-१३ तुरुंगाची जागा यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत समावेश झाला.

१९७५ साली वीस वर्षांची असलेली व्यक्ती आज सत्तरी ओलांडत आहे, त्यामुळे गेल्या काही वर्षांत केंद्राने आपल्या तरुण स्वयंसेवकांना वेगळ्याच कामाला लावले आहे. ते वाचलेल्यांच्या घरी जातात, त्यांची साक्ष नोंदवतात आणि त्याच बैठकीत रक्तदाब, मधुमेह, झोप, औषधपाणी आणि सरकारी आरोग्य सवलतीचे कार्ड आहे की नाही याचीही चौकशी करतात. हजारो वृद्धांच्या अशा नोंदी झाल्या आहेत. न्यायालयाचे दरवाजे बंद झाल्यावर पीडितांच्या हयातीत त्यांच्यासाठी करण्याजोगे जे काही उरले होते, त्यांत हे काम सर्वांत आधी यायला हवे होते, आणि ते उशिरा सुरू झाले, एवढाच दोष या टप्प्यावर केंद्राला देता येईल.